पांढऱ्या नाडीचा गठ्ठा

१

‘खो’च्या कान्याला वरच्या टोकाशी शाईचा थर जाड होता आणि तिथे तो अजून जवळजवळ पांढरा होता. खाली थर पातळ होत गेला होता, तसा रंग चढत गेला होता. आधी दुधात चिमूटभर कुंकू पडावं तेवढा, मग गुलाबी पेरूच्या गरासारखा. मी अक्षरावरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. म्हणजे वरून काही सांडलं नव्हतं. रंग आतून आला होता.

“धुऊन निघेल का, मावशी?” त्रिवेणीनं विचारलं.

“नाही. हा डाग नाही. टी-शर्टाचा मरून रंगच शाईत शिरलाय.”

नारायणगुड्याच्या गल्लीतल्या त्या छपाईच्या कारखान्यात आम्ही उभे होतो. टेबलावर पन्नासेक मरून टी-शर्ट पसरले होते. प्रत्येकाच्या छातीवर ‘खो-खो संघ’ अशी ठसठशीत अक्षरं. काल संध्याकाळी ती सगळी पांढरीशुभ्र होती आणि आज सकाळी त्यातली बरीचशी गुलाबी झाली होती. रविवारी बरकतपुऱ्यातल्या मुलींचा अंतिम सामना होता, आणि आज शुक्रवार.

त्रिवेणी ही माझ्या दिवंगत मैत्रिणीची, सुशीलाबाईंची मुलगी. सकाळी उदगीरहून चुलतबहिणीचं लग्न आटोपून ती थेट कारखान्यात आली, हा प्रकार पाहिला आणि तिनं मला नल्लकुंट्याला घरी फोन केला. मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. त्यामुळे ओळखीच्या घरात काही उतू गेलं, गंजलं किंवा रंग बदललं, की मला बोलावतात.

“मावशी, केमिस्ट्री तुमचं डिपार्टमेंट,” तिचा भाऊ सौरभ म्हणाला. “मला फक्त एक सांगा, हे मुद्दाम केलंय ना? बाकीचं मी बघतो.”

बोलताना तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो भट्टीपाशी उभ्या असलेल्या कारागिराकडे, शिवराजकडे बघत होता.

“अप्पांनी दुपारच्या जेवणापर्यंत टाइम दिलाय,” सौरभ म्हणाला. “शिवराज राहणार की जाणार, ते आजच ठरणार.”

२

या घरात टी-शर्ट कसा निवडतात, ते आधी सांगायला हवं.

छपाईच्या टी-शर्टात दोन मुख्य जाती. एक शुद्ध कॉटन. मऊ, घाम पिणारा, पण आटणारा. दुसरा मिक्स, म्हणजे सूत आणि पॉलिएस्टर एकत्र. तो हलका, लवकर वाळणारा, पळणाऱ्या पोरींना बरा. म्हणून या ऑर्डरमध्ये खेळाडूंसाठी मिक्स आणि मांडवात बसून ओरडणाऱ्या जुन्या खेळाडूंसाठी कॉटन, असं ठरलं होतं. रंग एकच, शिलाई एकच, मानेवर लेबल नाही.

छापल्यावर शाई पक्की करायला कपडा भट्टीच्या पट्ट्यावरून जातो. कॉटनला कडक आच चालते. मिक्सला चालत नाही. त्यातल्या पॉलिएस्टरचा रंग जास्त तापला की वाफेसारखा सुटतो आणि वरच्या शाईत जाऊन बसतो. लगेच दिसत नाही. गरम टी-शर्ट एकावर एक रचून ठेवले की रात्रभरात वर येतो. म्हणून मिक्ससाठी वेगळी पांढरी शाई आणि मंद आच.

तेव्हा कुठला टी-शर्ट कॉटनचा आणि कुठला मिक्स, हे ओळखणं महत्त्वाचं. आणि ते या घरात एकच माणूस ओळखत असे.

नामदेवराव, म्हणजे त्रिवेणी-सौरभचे अप्पा, व्यापाऱ्याच्या शब्दावर कधीच विसंबले नाहीत. माल आला की पेट्या फोडून सगळे टी-शर्ट सतरंजीवर एकत्र ओतायचे. ते मधोमध मांडी घालून बसायचे, डोळे मिटायचे आणि एकेक टी-शर्ट अंगठा नि तर्जनीच्या चिमटीत चोळायचे. कॉटन डावीकडे, मिक्स उजवीकडे. कॉटनच्या गठ्ठ्याला पांढरी नाडी, मिक्सच्या गठ्ठ्याला लाल. नाडी तेच बांधायचे. आबिड्सच्या बाजारातले व्यापारी हा सोहळा बघायला चहा घेऊन उभे राहत. कुणी म्हणालंच, की पेटीवर लिहिलेलं असतं की हो, तर अप्पा म्हणत, “पेटीवर काय लिहिलंय ते पेटीला सांगा.”

“तुमच्यानंतर सतरंजीवर कोण बसणार, एकदा बोलून टाका,” असं सुशीलाबाई शेवटच्या आजारपणातही म्हणत होत्या. अप्पांचं उत्तर ठरलेलं असे. “बघू.”

ते अजून बघतच होते.

“गुलाबी झालेले सगळे पांढऱ्या नाडीतले आहेत,” सौरभ म्हणाला. “म्हणजे कडक आचेतून गेलेले. सिंपल आहे, मावशी. अप्पांनी बरोबर बांधलं आणि कुणीतरी मागून नाड्या बदलल्या. चावी कुणाकडे? शिवराजकडे. संध्याकाळी एकटा कोण होता? शिवराज. आणि जीडिमेटल्याच्या बड्या कारखान्यात नोकरीसाठी कोण जाऊन आलं?”

शिवराज मान खाली घालून भट्टीचा पट्टा पुसत होता. तो पट्टा आधीच स्वच्छ होता.

३

मी त्याला गल्लीत, पिंपळाच्या सावलीत नेलं. शिवराज जहीराबादचा. घरी मराठी, बाजारात तेलुगू, आणि चिडला की दखनी.

“जीडिमेटल्याला गेलतास?”

“गेलतो, ताई. झूट कशाला बोलू? पोरीची फी वाढली. पण गेलतो आणि नक्को म्हणून आलो. तिथं माणसाला नंबर देतेत. हितं अप्पा मला नावानं शिव्या देतेत.” तो किंचित हसला. “सौरभभैयाला काय, अर्धीच बात कळली.”

“आच वाढवली होतीस?”

“नाय. जशी नाडी तशी आच. पांढरीला कडक, लालला मंद. शाई पण तशीच. लाल गठ्ठा बघा की, एक तरी गुलाबी हाय का?”

नव्हता. ते मी पाहिलं होतं.

“आता नीट आठव. अप्पांनी बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला कधी पाहिलास?”

प्रश्न साधा होता. पण त्याचा चेहरा दुकानाचं शटर पडावं तसा बंद झाला.

“काल?” त्यानं विचारलं.

“मी ‘कधी’ म्हणाले.”

“मेरेकू नै मालूम.”

“शिवराज, नोकरी जाईल. वर चोरासारखं नाव निघेल.”

“जाऊ द्या. हे सोडून काय पण पुसा, ताई.” त्यानं हात जोडले. “बोल दिया सो बोल दिया. कुणाला तरी शब्द दिलाय मी.”

आणि तो आत निघून गेला. कुणाला, ते त्यानं सांगितलं नाही. पण जाताना त्यानं एकदा, नकळत, टेबलाशी उभ्या असलेल्या त्रिवेणीकडे पाहिलं.

४

नामदेवराव मागच्या खोलीत होते. मी आले तसं त्यांनी पलीकडच्या हॉटेलातून चहा मागवला. त्यांचा बिनसाखरेचा.

“या कुसुमताई. बघा, काय दिवस आलेत.”

चहाचे ग्लास आले. मी माझा पदराच्या टोकानं धरला आणि तरी लगेच खाली ठेवला. अप्पांनी त्यांचा सबंध मुठीत धरला होता आणि ते बोलत होते.

“शिवराजला सुशीलानं आणलं होतं. तिच्या माहेरच्या गल्लीतला. त्याचं लग्न आम्ही लावलं. सौरभ म्हणतो तसं असेल तर मी कुणावर भरवसा ठेवायचा?”

“तुम्हाला स्वतःला काय वाटतं?”

“वाटून काय उपयोग? नाड्या मी बांधल्या.” ते थांबले. “मी बांधल्या म्हणजे बरोबरच बांधल्या असणार.”

वाक्याच्या शेवटी आवाज खाली यायला हवा होता. तो तसाच लोंबकळत राहिला.

त्यांच्या उजव्या तर्जनीवर टपोरा फोड होता. “हा कशानं?” मी विचारलं.

त्यांनी बोट वळवून, दुसऱ्याचं असावं तसं पाहिलं. “कुणास ठाऊक. भट्टीला लागलं असेल.”

ते मला सोडायला दारापर्यंत आले. उंबऱ्यापाशी त्यांची डावी चप्पल मागे राहिली. एक पाय चपलेत, एक फरशीवर, असे ते पुढे आले आणि सौरभशी बोलत उभे राहिले. थोड्या वेळानं त्रिवेणीनं काही न बोलता ती चप्पल उचलून त्यांच्या पायाशी ठेवली. हे तिच्या अंगवळणी पडलेलं दिसत होतं.

मी तिला बाजूला घेतलं. “गठ्ठे बांधले तेव्हा तू इथं होतीस?”

“नाही, मावशी. माल मी लग्नाला गेल्यावर आला. एक दिवस थांबायला सांगितलं होतं मी अप्पांना.”

“का?”

ती टेबलावरचे टी-शर्ट उगाच सारखे करू लागली.

“असा घोळ याआधी कधी झालाय?”

“कधीच नाही,” ती पटकन म्हणाली. इतकी पटकन, की उत्तर आधीपासून तयार असावं.

“बरं. मला लाल नाडीचा गठ्ठा हवाय.”

“लाल?” सौरभ तिकडून ओरडला. “मावशी, लालला काहीच झालं नाही. खराब माल पांढऱ्यातला आहे!”

“म्हणूनच,” मी म्हणाले. “ज्याला काही झालं नाही, त्याच्याकडे कुणी पाहिलंच नसेल.”

५

धाग्याची परीक्षा सोपी असते. टी-शर्टाच्या आतल्या शिवणीतून एक दोरा काढायचा आणि पेटवायचा. कॉटन कागदासारखं जळतं आणि बोटानं चुरता येईल अशी राख उरते. मिक्स आक्रसतं आणि टोकाला काळा, टणक मणी उरतो.

“काडेपेटी आहे का?” मी विचारलं.

“इथं काडेपेटी नसते, मावशी,” सौरभ म्हणाला. “थिनरचे डबे आहेत. अप्पा तर उदबत्तीसुद्धा लावू देत नाहीत.”

त्याचं वाक्य संपायच्या आत त्रिवेणीनं आपल्या पर्समधून काडेपेटी काढून माझ्या हातावर ठेवली होती. ठेवल्यावर तिला कळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी ती घेऊन बाहेर गेले.

गल्लीच्या कोपऱ्यावर ताटली मांडून मी एकेक दोरा जाळत बसले. येणारे-जाणारे बघत होते. एका शेजारणीनं तेलुगूत विचारलंही, की दृष्ट काढताय का. लाल गठ्ठ्यातला पहिला दोरा आक्रसला, मणी उरला. मिक्स. बरोबर. दुसरा भुरभुरला. राख. तिसरा, पुन्हा राख. चौथा, मणी.

लाल नाडीच्या त्या गठ्ठ्यात मिक्स होते तेवढेच कॉटन होते. कॉटनला मंद आच दिली तर गुलाबी व्हायचा प्रश्नच नाही. शाई त्या आचेचीच होती, त्यामुळे तीही पक्की झाली होती. म्हणून लाल गठ्ठ्यातली चूक कुणाला दिसली नव्हती.

मग मी पांढऱ्या गठ्ठ्यातले, न बिघडलेले टी-शर्ट घेतले. ते सगळे कॉटन निघाले. बिघडलेले सगळे मिक्स. आणि दोन्हींची संख्या जवळजवळ सारखी.

मी ताटलीतल्या राखेकडे बराच वेळ बघत राहिले. कुणीतरी नाणं उडवून टी-शर्ट वाटले असते, तर अगदी असेच गठ्ठे झाले असते.

आता मला सगळं दिसत होतं. आणि ते सांगावंसं मात्र वाटत नव्हतं.

६

आधी मी मागच्या खोलीत गेले. “नामदेवराव, मला जे समजलंय ते आपण दोघंच बोलू या का?”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “शिवराजवर आळ कुठं आला?”

“सगळ्यांसमोर.”

“मग खुलासाही सगळ्यांसमोरच होऊ द्या.”

ते बाहेर येऊन सतरंजीवर आपल्या जागी बसले. सौरभ टेबलाला टेकला. शिवराज भट्टीपाशीच राहिला. त्रिवेणी माझ्या शेजारी उभी राहिली. 

“सौरभ,” मी म्हणाले, “नाडी गठ्ठ्याला असते, एकेका टी-शर्टाला नाही. शिवराजनं नाड्या बदलल्या असत्या तर पांढऱ्या नाडीतले सगळेच्या सगळे मिक्स निघाले असते आणि सगळेच गुलाबी झाले असते. तसं झालेलं नाही. दोन्ही गठ्ठ्यांत दोन्ही जाती अर्ध्या-अर्ध्या आहेत.”

“मग त्यानं गठ्ठे सोडून टी-शर्ट मिसळले असतील.”

“संध्याकाळी एकट्यानं बसून, एकसारख्या दिसणाऱ्या टी-शर्टांतून? आणि नुकसानच करायचं होतं तर एवढी मेहनत कशाला? भट्टीचं बटण फिरवलं असतं तर मिनिटात काम झालं असतं. लाल गठ्ठाही गेला असता. तो तर शाबूत आहे. शिवराजनं जशी नाडी तशी आच दिली. एका टी-शर्टालाही त्यानं चुकीची वागणूक दिली नाही.”

शिवराजनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

“मग कुणी केलं?” सौरभ म्हणाला.

“कुणीच काही केलं नाही. गठ्ठे बांधल्यावर त्यांना या वेळी कुणाचाच हात लागला नाही. तीच तर अडचण झाली.”

“म्हणजे?”

“एरवी लागायचा.” मी काडेपेटी टेबलावर ठेवली. “जिथं उदबत्तीलाही मनाई, तिथं त्रिवेणी पर्समध्ये काडेपेटी बाळगते. शिवराजनं तिला गठ्ठे सोडताना पाहिलंय आणि कुणाला सांगणार नाही असा तिला शब्द दिलाय. नोकरी जात असतानासुद्धा त्यानं तो मोडला नाही. ती टी-शर्ट इकडचे तिकडे करायची आणि नाड्या पुन्हा होत्या तशा बांधायची. बिघडवायला नाही. दुरुस्त करायला. या वेळी ती उदगीरला होती.”

“मावशी, नको,” त्रिवेणी म्हणाली. 

सौरभनं तिच्याकडे पाहिलं, मग सतरंजीकडे. “म्हणजे अप्पांची चिमूट… छे. शक्यच नाही. काहीतरीच काय मावशी.”

पुढचं बोलणं माझ्या जिभेवर होतं. गरम ग्लास, फोड, मागे राहिलेली चप्पल. साखरेच्या आजारात आधी पायांची बोटं मुकी होतात, मग हातांची. पण मी थांबले. ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

नामदेवरावांनी ढिगातला एक टी-शर्ट ओढला. डोळे मिटले. काठ चिमटीत धरून चोळला. बाहेर एक रिक्षा थांबली, भाडं ठरवून निघूनही गेली. ते चोळतच होते.

मग त्यांनी डोळे उघडले.

“मला काही कळत नाही,” ते म्हणाले. “वाळूत हात घालावा तसं वाटतंय. किती महिने झाले, वाळूच.”

त्यांनी टी-शर्ट मांडीवर ठेवला.

“त्रिवेणी. तुला कधीपासून माहीत?”

“मागच्या संक्रांतीच्या आधीपासून, अप्पा. शाळेच्या ऑर्डरच्या वेळी.”

“आणि तू बोलली नाहीस.”

“तुम्ही डोळे मिटून बसता तेव्हा सगळे तुमच्याकडे बघत असतात, अप्पा. आबिड्सचे लोकसुद्धा. मी कसं बोलू? पण आज शिवराजदादाचं नाव घेतलं तेव्हा मला… म्हणून मावशींना बोलावलं. मला वाटलं, रसायनाचंच काही निघालं तर बरं.”

“डोळे मी पहिल्यापासून मिटतो. तेव्हा बोटांना नीट ऐकू यावं म्हणून मिटायचो.” अप्पा किंचित हसले. “अलीकडे, बोटांना काही ऐकू येत नाही हे कुणाला माझ्या डोळ्यांत दिसू नये म्हणून.”

ते उठायला लागले. सौरभ हात द्यायला धावला, तो त्यांनी बाजूला केला आणि एका चपलेनिशी शिवराजपुढे जाऊन उभे राहिले.

“शिवराज, नाड्या बांधतानाच मला शंका आली होती. तरी सकाळी तुझ्यावर आळ येऊ दिला. चुकलो.”

“अप्पा, काय बोलू लालेत…” शिवराज भट्टीमागे सरकायला लागला. तिथं जागा नव्हती. “शिव्या द्या बघू. तेच बरं वाटतंय.”

“देईन. आधी भट्टी लाव. रविवारी पोरी पळायच्या आहेत.” मग त्रिवेणीकडे वळून, “गुलाबी झालेल्यांचं काय करता येईल?”

“वरून करड्या शाईचा एक थर द्यायचा, रंग अडवणारा. त्यावर मिक्सची पांढरी, मंद आचेवर,” त्रिवेणी डोळे पुसत म्हणाली. “अक्षर थोडं जाड होईल. पण होईल.”

“अप्पा, मी काय म्हणतो,” सौरभ चाचरत म्हणाला, “यापुढे पेट्या उघडून एकत्र ओतायच्याच नाहीत. आणि… शिवराज, सॉरी रे. माझं चुकलंच.”

शिवराजनं मान हलवली. “हौ भैया. पण नाड्या बदलायची आयडिया तुमची लई भारी होती. मला सुचली नसती.”

हसू पहिल्यांदा त्रिवेणीला फुटलं.

“नामदेवराव,” मी म्हणाले, “सोमवारी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चला. बोटं परत येतील असं मी सांगत नाही. पण पाय सांभाळायला हवेत.”

“बघू,” ते सवयीनं म्हणाले. आणि स्वतःच थांबले. त्यांनी भिंतीकडे, सुशीलाबाईंच्या तसबिरीकडे पाहिलं. “नाही. येतो. सोमवारी.”

मग ते खुंटीपाशी गेले. तिथं नाड्यांच्या दोन गुंडाळ्या लोंबत होत्या, एक पांढरी, एक लाल. त्यांनी त्या काढल्या. फोड आलेल्या बोटाला त्या लागत होत्या की नाही, मला कळलं नाही. सतरंजीला एक घडी पडली होती, ती त्यांनी पायानं सारखी केली. सौरभ पुढे सरकला होता, तो आपणहून एक पाऊल मागे झाला.

अप्पांनी दोन्ही गुंडाळ्या त्रिवेणीच्या ओंजळीत ठेवल्या आणि मोठ्यानं, भिंतीवरच्या तसबिरीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“आजपासून सतरंजीवर त्रिवेणी बसेल.”